पिवळ्या दगडापुढचे दोन किलोमीटर

९ फेब्रुवारी

परदेशस्थ बंधूस,

आई विमानात बसली नाही. हे तुला कळलंच आहे, कारण तू तिकडच्या विमानतळावर फुलं घेऊन दोन तास उभा होतास, असं तूच तिला फोनवर सांगितलंस. फुलांचं वाईट वाटलं.

हे सगळं मी फोनवरही सांगितलं असतं. पण माझा आवाज ऐकला की तुझी रेंज जाते, असा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. कागदाची रेंज जात नाही. शिवाय पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागतील, तेवढे दिवस तू निर्धास्त राहा.

झालं ते असं. सकाळी सातला आम्ही विमानतळाच्या दारात पोचलो. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, म्हणून मी सामानाच्या ढकलगाड्यांपाशी उभा राहिलो. आई चांगली चालते, तरी तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं, कारण तू तिकिटावर तसं लिहून घेतलं होतंस. आत जाताना तिने मंत्र्यासारखा हात हलवला. अडीच तासांनी तीच खुर्ची तिला परत घेऊन आली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "अरे, त्यांना मी पसंत पडले नाही."

पासपोर्ट तपासणाऱ्याला पुस्तकातली बाई आणि समोरची बाई यांत तफावत वाटली. पासपोर्ट त्याने ठेवून घेतला, चौकशी होईल म्हणाला आणि एक पावती दिली. सरकारी कारभार तुला माहीत आहे. त्यात अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते तुझ्याबद्दल. चौदा वर्षांपूर्वी एकटाच येऊन गेलास, त्यानंतर तुला एकदाही इकडे यायला जमलं नाही. वडील गेले तेव्हा 'सीझन चालू आहे' असं कळवलंस. कसला सीझन, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. फोटो मात्र नेमाने पाठवलेस. तू आणि पांढरी गाडी, तू आणि निळी गाडी. दर फोटोत गाडीचं दार उघडं आणि तुझा एक हात दारावर, जणू आत्ताच उतरलास. आणि आता पार्सल मागवावं तशी आई मागवलीस.

तिच्या नजरेचं पुन्हा सांगतो, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुझं लक्ष नसावं. काचबिंदू आहे. कडेकडेने अंधार आत सरकतो आहे. सध्या तिला बांगडीतून पाहावं एवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत अंगठीएवढं राहील, मग तेही नाही. गेलेलं परत येत नाही. तिला दुसरं काही नको आहे. तुझा आवाज ती दर रविवारी ऐकते. तिला तुझा चेहरा पाहायचा आहे, एकदा, नजर आहे तोवर.

नवा पासपोर्ट चौकशीनंतर, म्हणजे कमीत कमी चार महिने. तिच्या डोळ्यांत चार महिने शिल्लक नाहीत. आता तू ये. विमानाने ये, गाडीने ये, त्या उघड्या दाराच्या गाडीने ये.

– दादा


२ मार्च

धाकट्यास,

पत्र मिळालं वाटतं. रविवारी आईला म्हणालास, "दादाचा जन्म फोटो काढण्यात गेला आणि आईचा एक फोटो त्याला धड काढता आला नाही." आईने ते मला हसत सांगितलं. तुझी वहिनी हसली नाही. ती म्हणाली, भाऊजींना सांगा, फोटो काढायला माणूस समोर यावा लागतो.

तू विचारलंसच, तर सांगतो. त्या दिवशी अधिकाऱ्याने पुस्तक उघडलं. त्यात ओळखीची खूण लिहिलेली असते. आईच्या पुस्तकात 'डाव्या भुवईवर जखमेचा व्रण' असं आहे. फॉर्म मीच भरला होता, खूण आईने सांगितली होती. अधिकाऱ्याने आईच्या भुवईवर पाहिलं, व्रण होता. फोटोत पाहिलं, व्रण नव्हता. त्याने शेजारच्याला दाखवलं, शेजारच्याने साहेबांना. साहेबांनी विचारलं, "आजी, हा फोटो तुमचाच का?" आई म्हणाली, "म्हणजे काय, माझ्या मोठ्याने काढलाय." तिला वाटलं, फोटो आवडला म्हणून विचारताहेत.

तर फोटोतला व्रण मी पुसला. आता खूश झालास का? तीस वर्षं हेच काम आहे. लोक तोंड घेऊन येतात आणि दुसरं तोंड मागतात. कुणाची पुटकुळी, कुणाचे देवीचे वण, कुणाच्या डोळ्याखालचं काळं. पूर्वी पेन्सिलने निगेटिव्हवर करायचो, आता माऊसने करतो. हाताला सवय लागते. चेहरा समोर आला की हात आपोआप डाग शोधतो. सवयीने झालं. सवय असायला हातात काही कसब असावं लागतं, ते तुला समजायचं नाही.

व्रण कुणामुळे झाला, ते तुला आठवत असेलच. गावच्या शाळेतून आपण घरी आलो होतो. गुरुजींनी तुला बाकावर उभं केलं, हे मी ओट्यावरच सगळ्यांना सांगत होतो. तू दप्तरातून पाटी काढून माझ्यावर भिरकावलीस आणि आई मध्ये आली. सात वर्षांचा होतास. तिने वडिलांना सांगितलं, दाराची चौकट लागली. तू त्या चौकटीमागे आयुष्यभर लपून राहिलास.

येतो आहेस की नाही, एवढंच कळव. आईला नाही, मला.

– दादा


१९ मार्च

धाकट्यास,

तुझी कारणं आईने मला मोजून सांगितली. कंपनीची मीटिंग. गाडीचं काम काढलंय. मोठ्या साहेबाची बदली. मुलीची परीक्षा. एकाच फोनमध्ये इतकी कारणं फक्त शाळा बुडवणाराच देतो. आई म्हणते, त्याच्यावर फार जबाबदारी आहे. मी म्हटलं, असेल.

आता मी सांगतो ते नीट वाच, कारण मी तुला फार थोड्या श्रमात सोडवतो आहे. माझ्याकडे ट्रकवाले फोटोला येतात. त्यांतल्या एकाने मला सांगितलं आणि मी बसने सीमेवर जाऊन स्वतः खात्री करून आलो. फाटकापाशी मोठा फलक आहे. विमानाने जाणाऱ्याला पासपोर्ट लागतो, तोही पुढे सहा महिने मुदत असलेला. जमिनीवरून जाणाऱ्याला, तो सीमेलगतच्या, म्हणजे आपल्यासारख्या गावचा असेल तर, सरकारी ओळखपत्र आणि सीमापास पुरतो. पास आठवड्यात मिळतो. मी फलक दोनदा वाचला. तीच बाई, तोच देश. आकाशातून गेली तर संशयित, पायी गेली तर शेजारीण. ज्याने नियम केला, तो या दोन्ही वाटांनी कधी गेला नसावा.

ओळखपत्रावरचा आईचा फोटो सरकारी कॅमेऱ्याने काढलेला आहे. त्यात व्रण स्वच्छ दिसतो. त्या कॅमेऱ्याला आई नाही.

पासावर फाटकापासून सात किलोमीटरपर्यंत जाता येतं. तिथे रस्त्याकडेला पिवळा दगड आहे. त्याच्या पुढे जायचं नाही आणि संध्याकाळी पाचच्या आत परत फिरायचं. दगडाच्या अलीकडे बाजार आहे, चहाची दुकानं आहेत, सावली आहे. तू तुझ्या शहरातून एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून तिथे यायचंस, आईसमोर तासभर बसायचं आणि परत जायचं. अकरा एप्रिल ठरवतो. मीटिंग तुझ्याशिवाय होऊ दे. कंपनी बुडाली तर मला कळव.

– दादा


३१ मार्च

धाकट्यास,

चार दिवसांपूर्वी दुपारी दुकानात फोन आला. "काका, मी बोलतेय." तुझ्या मुलीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सतरा वर्षांची आहे आणि तुझ्यासारखी एका श्वासात चार कारणं देत नाही. एकच दिलं. म्हणाली, बाबांकडे कागद नाहीत.

सहा वर्षं. तू नोकरीला होतास ती गोदामवाली कंपनी बंद पडली, तिच्यामुळे मिळालेला राहण्याचा परवाना संपला, पाठोपाठ पासपोर्टची मुदत संपली. पासपोर्ट नवा करायला परवाना दाखवायचा आणि परवाना नवा करायला पासपोर्ट दाखवायचा. तू दोन्ही खिडक्यांवर वर्षभर फिरलास आणि मग फिरायचा थांबलास. तुझ्या बायकोचे कागद तिच्या धुलाईच्या कारखान्यामुळे शाबूत आहेत. मुलगी तिथेच जन्मली म्हणून तिला तिथला पासपोर्ट आहे. घरात कागदोपत्री तू एकटाच कुणी नाहीस. रात्रपाळीला दुसऱ्याच्या नावावर गाड्या धुतोस. पांढरी, निळी. हात दारावर ठेवून फोटो काढायचास, मग धुवायला घ्यायचास.

विमानतळावर फुलं घेऊन तुझी बायको उभी होती. तू घरी होतास, कारण विमानतळावर पोलीस असतात. हेही मुलीनेच सांगितलं. आणि दगडाच्या पुढे दोन किलोमीटरवर तपासणीची चौकी आहे, सीमेकडे येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये शिपाई चढतो आणि कागद मागतो, म्हणून तू बाजारापर्यंत येऊ शकत नाहीस.

फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं तुझ्या गाड्या या घराच्या भिंतीवर होत्या आणि माझं दुकान त्या भिंतीखाली होतं. पाहुणे यायचे, भिंतीकडे बघायचे आणि मला विचारायचे, धाकटा काय करतो? त्या सगळ्यांना बोलावून सांगावं असं वाटलं. दोन दिवस मी शीळ घालत काम केलं. वहिनीने विचारलं, लॉटरी लागली का?

तिसऱ्या दिवशी पहाटे जपाला बसलो. माळ हातात, देवाचं नाव तोंडात, आणि मन मात्र तू गाडी धुताना कसा दिसत असशील त्याचं चित्र रंगवतंय. बादली, फडका, ओले पाय. देवापुढे बसून इतकं हलकट सुख मी कधी घेतलं नव्हतं. माळ ठेवून दिली आणि उठून दुकानात गेलो.

दुकानात काउंटरवर एक पाटी आहे, माझ्याच अक्षरातली. 'पासपोर्टच्या फोटोवर हात फिरवला जाणार नाही. आग्रह करू नये.' ती वीस वर्षं तिथे आहे. लोक भांडतात, रडतात, एक नवरी मुलगी तर रागावून निघून गेली, पण पासपोर्टच्या फोटोवर मी कधी बोटसुद्धा लावलं नाही. हात आपोआप डाग शोधतो, असं मी तुला लिहिलं. ते खोटं आहे. माझा हात माझ्या ताब्यात असतो. आईचा फोटो पडद्यावर होता, दुकान बंद केलेलं होतं, आणि मी तो व्रण पाहिला. ही बाई आता तुझ्याकडे चालली, मला सोडून तीन महिने, आणि कपाळावर तुझी खूण घेऊन चालली. शाळेची ती पाटी माझ्यावर फेकलेली होती. दुपारभर तिच्या जखमेवर फडका धरून मी बसलो होतो. आणि तिला विचारलं तर ती व्रण चाचपून हसते आणि म्हणते, हे माझ्या धाकट्याचं. माझं तिच्या अंगावर काहीच नाही. मी तो पुसला. फार सुबक पुसला. त्या फोटोत मला आई हवी होती, तू नको होतास.

आईला हे मी कालच सांगितलं. तुझे कागद नाहीत तेही आणि माझा फोटोही. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "एकाने नसलेलं दाखवलं, एकाने असलेलं पुसलं. मी दोघांना बरी शाळेत घातली." संध्याकाळी विचारलं, अकरा तारखेचं काय?

तर अकरा तारखेचं असं. तू चौकीच्या पलीकडे थांब. तपासणीआधी तिथे बस थांबते, मुलीला विचार. सात किलोमीटरचा नियम मला माहीत आहे. दगडापुढच्या दोन किलोमीटरचं माझं मी पाहतो. तुला फक्त यायचं आहे. तेवढं तरी खोटं निघू देऊ नकोस.

– दादा


१६ एप्रिल

धाकट्यास,

तू होतास तिथे, तेव्हा तुला काय सांगायचं असं वाटेल. पण तू बसमध्ये होतास, आम्ही रस्त्यावर होतो. दोन्हीकडून एकच गोष्ट सारखी दिसत नाही.

फाटकावर काही झालं नाही. खिडकीतल्या बाईंनी ओळखपत्र पाहिलं, आईचं कपाळ पाहिलं आणि शिक्का मारला. एवढं सोपं होतं. बाजारापासून तीनचाकी केली. पिवळ्या दगडापाशी रिक्षावाल्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, पुढे तुमचं तुम्ही बघा, मला पोरंबाळं आहेत. मी आईला म्हटलं, चालशील का? ती म्हणाली, "खुर्चीत बसून गेले तेव्हा काय झालं, पाहिलंस ना?"

दोन किलोमीटरला आम्हाला दीड तास लागला. तिला समोरचं अंगठीएवढं दिसतं, पायाखालचं दिसत नाही. मी हात धरून 'खड्डा', 'खडी', 'चढ' असं सांगत होतो. आयुष्यात मी सरकारचा एक नियम मोडलेला नाही. लाल दिव्याला रिकाम्या रस्त्यावरही थांबतो, तू त्यावर हसायचास. दगड ओलांडताना मी दोनदा मागे पाहिलं. मनात देवाचं नाव होतं, पण ते माफीसाठी नव्हतं, तू आलेला असावास म्हणून होतं. तू येशील यावर माझा विश्वास नव्हता. अर्ध्या वाटेत आईला तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, नसला तर चालणं तरी झालं.

चौकीच्या आडव्या दांड्याशी शिपायाने पास पाहिला. "दगड दिसला नाही का?" मी म्हटलं, दिसला. तो थोडा गोंधळला. बहुतेक लोक नाही म्हणत असावेत.

दांड्यापलीकडे वीस पावलांवर बस उभी होती. बसमधून तुझी मुलगी उतरली, शिपायाला पासपोर्ट दाखवला आणि दांड्याखालून वाकून इकडे आली. आईच्या पाया पडली. आईने तिचा चेहरा हातात धरून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "तो कुठाय?" मुलीने बोट दाखवलं. तिसरी खिडकी. मलाही तू दिसलास. डोकं खाली, कॉलर वर. आई त्या बाजूला बघत राहिली. मान इकडे केली, तिकडे केली. म्हणाली, "मला नुसती काच दिसते."

त्या वेळी मी तुला मनात काय काय म्हटलं, ते लिहीत नाही. तुझी मुलगी हे पत्र वाचेल. एवढंच सांगतो, की पुन्हा पाटी हातात असती तर या खेपेला मी भिरकावली असती, आणि मध्ये कुणी येऊ दिलं नसतं. शिपाई म्हणाला, आजी, चला, परत फिरा. आई हलली नाही. रागावलीही नाही. बसकडे तोंड करून तशीच उभी राहिली, दवाखान्यात नंबर येईपर्यंत उभं राहावं तशी.

मग तू उतरलास.

किती वेळ गेला होता, मी सांगू शकत नाही. तू त्या वीस पावलांत म्हातारा दिसत होतास. शिपायाने कागद मागितले. तू म्हणालास, "नाहीत." पूर्वी शाळेत हजेरीला 'आहे' म्हणायचास तसंच, सरळ मान करून. मी चौदा वर्षांत तुझ्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य.

पुढचं तुला माहीत आहे. दांडा मध्ये होता. आईने तुझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, मी गिऱ्हाइकाचा वळवतो तसा. तिला एका वेळी थोडंच दिसतं, म्हणून ती तुला तुकड्या-तुकड्याने पाहत होती. कपाळ. एक डोळा. दुसरा डोळा. नाक. ओठ उघडायला लावले. "दात कधी पाडलास?" तू रडत होतास. ती म्हणाली, हलू नकोस, मला दिसत नाही. शिपायाने घड्याळ पाहिलं, मग पाठ केली आणि बसच्या चाकांत काही तरी तपासत बसला. त्या चाकांत काही नव्हतं.

तुला माहीत नाही ते असं. तुला चौकीत नेल्यावर शिपायाने माझं नाव वहीत घेतलं. आईचं घेतलं नाही. म्हणाला, आजींना तुम्ही आणलंत, असं लिहितो. मी म्हटलं, तसंच आहे. परतताना फाटकावर माझा पास जप्त झाला आणि तीन वर्षं सीमा ओलांडायला मनाई झाली. मी सही केली. आई परतीच्या बसमध्ये झोपली. जागी झाल्यावर तुझ्याबद्दल एक शब्द नाही. मुलीबद्दल बोलली, की तिची वेणी फार सैल आहे.

तीस दिवसांत देश सोडण्याची नोटीस तुझ्या हातात आहे, हे मुलीने कळवलं. ते माझ्यामुळे झालं. मी बोलावलं नसतं, तर तू गाड्या धूत राहिला असतास आणि आम्ही फोटो बघत राहिलो असतो. याबद्दल मी तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि मग मला बरं वाटेल.

– दादा


२८ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र वेळेत पोचावं, म्हणून तिकडे निघालेल्या ट्रकवाल्याच्या हाती देतो आहे आणि थोडक्यात लिहितो.

आपल्या वकिलातीत जा. विमानाने यायचं म्हणशील तर पासपोर्ट लागेल, तो तुला मिळायचा नाही. जमिनीवरून एका कागदावर सोडतात. त्यावर नाव, फोटो आणि शिक्का असतो, आणि तो एकाच दिशेने चालतो. मी चौकशी केली आहे. खिडकीवरचा माणूस तुला तुच्छतेने बोलेल, बोलू दे. तुला घरी त्याची सवय होतीच. मधल्या काळात मोडली असेल.

मुलीची शेवटची परीक्षा होईपर्यंत ती आणि तिची आई तिकडे राहणार, हे बरोबर आहे. तिचं नुकसान करू नकोस. पुढे तिला वाटेल तेव्हा ती कुठल्याही दाराने येऊ शकते. तुझ्या बायकोला सांग, तिने फुलं घेऊन उभं राहिल्याचं आईला आता माहीत आहे. आईने तिच्यासाठी काही शिवायला घेतलं आहे. टाके वाकडे येताहेत. तसंच पाठवणार म्हणते.

आईला आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. पंधरा दिवसांत गेलं. डॉक्टर म्हणाले त्यापेक्षा लवकर. मी विचारलं, धाकटा आठवतो का, कसा दिसतो? ती म्हणाली, "आठवायचं कशाला, पाहिलाय." मग तुझ्या नाकाबद्दल काही तरी बोलली, ते लिहीत नाही.

भिंतीवरच्या गाड्या मी उतरवलेल्या नाहीत. तुझी वहिनी म्हणाली, काढा आता. मी म्हटलं, येईल आणि त्याचा तो काढेल. दुकानात कामाला ये किंवा येऊ नकोस. दुकानाबाहेर गाड्या उभ्या असतात, त्याही धुवायला लोक लागतात. इथे ते स्वतःच्या नावावर करता येतं.

नऊ मेला सकाळी मी फाटकापाशी असेन. अलीकडेच उभा राहीन. पलीकडे मला येता येणार नाही, वहीत माझं नाव आहे. खिडकीवर कागद दे, ते विचारतील त्याला खरं उत्तर दे, आणि चालत ये. टॅक्सी करू नकोस, रुबाब बघायला तिथे मी एकटाच असेन. सामान थोडं आण. घर आहे तेवढंच आहे.

– दादा